दिल्लीचे वार्तापत्र : सांडपाण्यातली प्रतिजैविके

दिल्लीत वझीराबाद ते ओखला हा यमुनेचा टप्पा अवघा २२ किलोमीटरचा, नदीच्या लांबीच्या दोन टक्के. नदीच्या एकूण प्रदूषणातला तीन चतुर्थांशाहून अधिक वाटा मात्र इथेच पडतो. नजफगढसारख्या नाल्यांमधून रुग्णांच्या मलमूत्रातली प्रतिजैविकेही येतात. आयआयटी दिल्लीच्या संशोधकांच्या २०१४ मधल्या अभ्यासात शुद्धीकरण केंद्रात येणाऱ्या पाण्यात अॅम्पिसिलिन लिटरमागे सरासरी १०४ मायक्रोग्रॅम होते. शुद्ध करून सोडलेल्या पाण्यातही सुमारे १३ उरले होते.

एवढी मात्राही चिंतेची आहे. अपुऱ्या औषधात तग धरणारे जिवाणू प्रतिरोधक होतात. दिल्लीचेच नाव मिळालेला एनडीएम-१ हा प्रतिरोधक जनुक २०११ च्या पाहणीत साचलेल्या पाण्याच्या १७१ पैकी ५१ आणि नळाच्या ५० पैकी २ नमुन्यांत सापडला.

अल्ट्राफिल्ट्रेशनचे पटल जिवाणू अडवते, पण ३३१ रेणुभाराचे सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक त्यातून सहज निसटते. त्यासाठी नॅनोफिल्ट्रेशन किंवा आरओ लागते. तरीही औषध नष्ट होत नाही, फेकायच्या पाण्यात दाट होऊन उरते. ते पाणी पुन्हा नाल्यात सोडले, तर सगळा खर्च वाया.

औषधाचा रेणू तोडते ते ऑक्सिडीकरण. ओझोन, किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अतिनील किरण यांच्या संयोगातून निघणारे हायड्रॉक्सिल मूलक जवळपास कोणत्याही सेंद्रिय रेणूवर तुटून पडतात. पण ते निवड करत नाहीत, त्यामुळे गढूळ पाण्यात त्यांची शक्ती इतर घाणीवरच खर्च होते. मात्रा कमी पडली तर रेणूचे अर्धवट तुकडे उरतात, आणि पाण्यात ब्रोमाइड असेल तर ओझोनमुळे घातक ब्रोमेट तयार होते. म्हणून आधी नेहमीची जैविक प्रक्रिया, मग पटल, आणि पटलाने अडवलेल्या दाट पाण्यावर ऑक्सिडीकरण हा क्रम शहाणपणाचा. त्या पाण्यात क्षार व सेंद्रिय द्रव्यही दाटलेले असल्याने मात्रा जास्त लागते. पण प्रक्रियेला घ्यायचे पाणी कितीतरी कमी असते. शेवटी सक्रिय कोळशाचा थर उरलेले तुकडे शोषून घेतो.

स्वित्झर्लंडने २०१६ पासून निवडक शुद्धीकरण केंद्रांना औषधांसारखी सूक्ष्म प्रदूषके ८० टक्के काढणे बंधनकारक केले. भारतात जानेवारी २०२० च्या मसुद्यात औषध कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी प्रतिजैविकांच्या मर्यादा होत्या. ऑगस्ट २०२१ च्या अंतिम अधिसूचनेतून त्या वगळल्या गेल्या. हे खेदजनक आहे, कारण मर्यादाच नसेल तर एवढी महाग यंत्रणा कोणी बसवणार नाही. दिल्लीत सुरुवात मोठ्या रुग्णालयांपासून व्हावी: तिथे औषध दाट आणि पाणी थोडे, म्हणून गटारात मिसळण्याआधीच त्यावर प्रक्रिया करणे सर्वात स्वस्त पडते.