ओढ कुणाची, तार कुठली?

राइट बंधूंच्या 1903 च्या 'फ्लायर'चे पंख लाकडाचे आणि कापडाचे होते. ते ताठ राहिले पोलादी तारांच्या जोरावर. ही विद्या पुलांच्या बांधकामातली. ऑक्टाव्ह शनूट या रेल्वे इंजिनीअरने 1896 मध्ये पुलाचा प्रॅट ट्रस दुपंखी ग्लायडरला लावला आणि राइट बंधूंनी तोच धागा पुढे नेला. दोन पंखांमधले खांब दाब सोसतात, तिरप्या तारा ओढ सोसतात. बुडातून वरच्या पंखाच्या टोकाकडे जाणारी तार उडताना काम करते. वरून खालच्या पंखाच्या टोकाकडे उतरणारी जमिनीवर पंखांचं वजन पेलते.

अशा विमानांची मॉडेलं करणाऱ्यांपैकी बरेचजण फक्त धागे ताणून मोकळे होतात. पण खऱ्या विमानात तार संपते तिथे सामान असतं, आणि ते देशागणिक बदलतं. पहिल्या महायुद्धातल्या जर्मन विमानांवर पिळाची गोल तार आणि तिच्या टोकाला टर्नबकल. टर्नबकल म्हणजे मधे नळी, एका बाजूला सुलटे आटे, दुसरीकडे उलटे. नळी फिरवली की दोन्ही टोकं एकदम आत येतात, तार ताणली जाते. हादऱ्यांनी नळी सैल पडू नये म्हणून तिच्या मधल्या भोकातून बारीक तार ओवून दोन्हीकडे गुंडाळलेली असते.

ब्रिटिशांनी वेगळी वाट धरली. गोल तार हवेला फार अडथळा करते, म्हणून फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट फॅक्टरीत चपट्या, दोन्ही कडांना निमुळत्या पोलादी तारा तयार झाल्या. त्या 'राफवायर' नावाने ओळखल्या जातात. आटे तारेच्याच टोकांना असल्यामुळे ताण द्यायला तारच फिरवायची. म्हणून एस.ई.5ए या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या पंखांच्या तारांवर देखणं टर्नबकल बसवणं ही चूकच. त्याची जागा कंट्रोलच्या गोल केबलवर.

मापाचा हिशोब निर्दय असतो. 5 मिमीची तार 1/32 प्रमाणाच्या मॉडेलमध्ये 0.16 मिमी होते, 1/72 मध्ये 0.07. म्हणून टर्नबकलची हौस 1/32 मध्येच खऱ्या अर्थाने भागते. 1/72 मध्ये बहुधा नुसती तारच शोभते. काम साधं, पण चिकाटीचं. बारीक तांब्याची तार ड्रिलच्या पात्याभोवती पिळून डोळा करायचा, रंगवलेल्या पंखात भोक पाडून तो सुपरग्लूने बसवायचा. तंगूस अर्ध्या मिमीच्या नळीतून ओवून डोळ्यातून फिरवायचा, परत त्याच नळीत घालायचा, नळी डोळ्याशी सरकवून गोंदाचा थेंब द्यायचा. वरची टोकं पंख जोडण्याआधी, खालची नंतर. तंगूस ढिला राहिलाच तर पेटत्या उदबत्तीची धग लांबून दाखवायची, तो आकसतो. राफवायरला मात्र गोल तंगूस चालत नाही, चपटा लवचीक धागाच हवा, आणि त्याची कड वाऱ्याच्या दिशेला.

मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर 1918 मध्ये ब्रिटिश हवाई दलाच्या 23 स्क्वॉड्रनमधून सॉपविथ 'डॉल्फिन' उडवत होते. त्याच वर्षी जूनमध्ये ते कामी आले. त्या विमानाचं मॉडेल कुणी करायला घेतलं तर सॉपविथच्याच 'कॅमल'चा तारांचा नकाशा उपयोगी पडणार नाही. 'डॉल्फिन'चा वरचा पंख खालच्याच्या मागे सरकवलेला, त्यामुळे खांब आणि तारा उलट्या तिरप्या. शिवाय दर बाजूला खांबांच्या दोन जोड्या, म्हणजे तारा जास्त. उलट जर्मनांच्या फोकर डीआर.1 चे जाड पंख आतूनच भक्कम, म्हणून पंखांच्या मधे ओढीच्या तारा जवळजवळ नाहीतच. सामान विकत घेण्याआधी प्रत्येक तार काय ओढते ते कागदावर काढावं. ज्या तारेचं काम सांगता येत नाही, ती लावू नये.