पडद्यावर चालणारे मराठी अक्षर

चित्रपटाची श्रेयनामावली ही केवळ वाचून सोडून देण्याची यादी नव्हे, तर तिची अक्षरेही कथेचे काम करू शकतात, हे अमेरिकी आरेखनकार सॉल बास यांनी आल्फ्रेड हिचकॉक यांच्या ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’ (१९५९) या चित्रपटात ठळकपणे दाखवून दिले. तेथे नावे तिरप्या रेषांच्या जाळीवरून सरकत येतात आणि पाहता पाहता ती जाळीच एका उंच काचेच्या इमारतीची दर्शनी भिंत ठरते. त्या काळी कसबी कारागिरांचे असलेले हे काम आता ब्लेंडरसारख्या मोफत सॉफ्टवेअरमुळे साध्या संगणकावरही करता येते.

या कामाचा पाया कीफ्रेम हा आहे. चलचित्र म्हणजे एकामागून एक दाखवलेली स्थिर चित्रे, म्हणजेच फ्रेम, आणि ब्लेंडरमध्ये सेकंदाला अशा २४ फ्रेम गृहीत धरलेल्या असतात. त्यांपैकी पहिल्या फ्रेमवर शब्द पडद्याच्या डावीकडे आणि चोविसाव्या फ्रेमवर मध्यभागी आहे एवढे नोंदवले, की मधल्या सर्व जागा सॉफ्टवेअर स्वतः भरते. या नोंदीलाच कीफ्रेम म्हणतात. शब्द एकाच वेगाने सरकला तर तो निर्जीव वाटतो, म्हणून सुरुवातीला हळूहळू वेग घेणे आणि थांबण्यापूर्वी मंदावणे, ज्याला ईझिंग म्हणतात, ते हालचालीच्या आलेखातील वक्ररेषा ओढून साधले जाते. नवशिक्याने झगमगाटी इफेक्ट गोळा करण्याऐवजी या एका वक्ररेषेवर वेळ घालवणे अधिक फलदायी ठरते.

मराठी मजकुराची खरी अडचण यापुढे सुरू होते, कारण बहुतेक धडे रोमन लिपी समोर ठेवून तयार झालेले असून त्यांत अक्षरे एकेक करून उमटवणे हा पहिलाच प्रयोग असतो. ‘विद्यार्थी’ हा शब्द घेतला तर वाचकाला त्यात वि, द्या आणि र्थी अशी तीन अक्षरे दिसतात, परंतु अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड या जागतिक व्यवस्थेत तो दहा चिन्हांनी साठवलेला असतो. टंकलेखनाचा आभास देणारा इफेक्ट ही चिन्हे एकेक करून दाखवतो, तेव्हा आधी ‘व’ येतो, मग त्याच्या डावीकडे वेलांटी घुसून ‘व’ला उजवीकडे ढकलते, पुढे ‘द’ पाय मोडून क्षणभर तसाच उभा राहतो आणि ‘य’ येताच त्याच्याशी जोडला जातो, ‘र’ आधी पूर्ण दिसतो आणि ‘थ’ येताच रफार होऊन उडी मारून वर जातो. प्रेक्षकाला हा सारा गोंधळ वाटतो, आणि तो तसा असतोही.

म्हणून मराठीत हलवण्याचे एकक चिन्ह नसून संपूर्ण अक्षर असावे, आणि बहुतेक ठिकाणी तर अख्खा शब्दच असावा. अक्षरे सुटी करायचीच असतील, तर इंकस्केप या मोफत आरेखन सॉफ्टवेअरमध्ये मजकूर टंकून त्याचे बाह्यरेषांच्या आकृतीत रूपांतर करावे, व्यंजन, मात्रा आणि रफार अशा प्रत्येक अक्षराच्या भागांचा एकेक गट बांधावा आणि ती फाइल ब्लेंडरमध्ये आणावी. तेथे जोडाक्षर मोडण्याचा प्रश्नच उरत नाही.

शिरोरेषेकडे मात्र स्वतंत्रपणे पाहावे लागते. फाँटमध्ये प्रत्येक अक्षर आपापला रेषेचा तुकडा घेऊन येते आणि शेजारच्या तुकड्यावर किंचित चढते, त्यामुळे अक्षरे एकेक करून धूसरतेतून उमटवली की सांध्यांवर गडद ठिपके दिसतात आणि ती दूर सरकली की रेषा तुटते. यावरचा सुबक उपाय म्हणजे तुकडे कापून टाकून एकच अखंड रेषा काढणे आणि हाताने लिहिताना अनेक जण करतात त्याप्रमाणे अक्षरे स्थिरावल्यानंतर ती रेषा डावीकडून उजवीकडे ओढत नेणे.

बाह्यरेषांच्या अशा आकृतींतील चूक टंकून दुरुस्त करता येत नाही, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ आधीच तपासून घ्यावे आणि मूळ मजकुराची फाइल वेगळी जपून ठेवावी.