दुसरी नोकरी हप्त्यासाठी नको

कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यात वन बीएचके शोधणाऱ्या जोडप्याला घराची किंमत आधीच माहीत असते. ती होर्डिंगवर लिहिलेली असते. धक्का बसतो तो बँकेत, कर्ज कुठवर मिळणार हे कळल्यावर. बांधकाम चालू असलेला ५० लाखांचा फ्लॅट धरू. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० ते ७५ लाखांच्या टप्प्यातल्या कर्जात बँक किमतीच्या फार तर ८० टक्के देते, म्हणजे ४० लाख. उरलेले १० लाख आपले. शिवाय ५ टक्के जीएसटीचे अडीच लाख, मुद्रांक शुल्क आणि त्यावरचे अधिभार मिळून ७ टक्क्यांचे साडेतीन लाख, नोंदणीचे ३० हजार. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च घराच्या किमतीत धरून त्यावर कर्ज मिळत नाही. बेरीज १६ लाख ३० हजार, आणि त्यात अजून पार्किंग नाही की पंखे-लाइट नाहीत.

दुसऱ्या नोकरीचा विषय इथे निघतो. कुणी ऑफिस सुटल्यावर दुकानांची पुस्तकं लिहितो, कुणी रात्री डिलिव्हरीचं अॅप चालू करतो, कुणी शिकवण्या घेते. मुंबईत एका पगारात भागत नाही, ही गोष्ट जुनीच. गिरणगावातल्या कितीतरी बायकांनी गिरणी कामगारांसाठी खानावळी चालवून घर धरून ठेवलं. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते या बायकांना सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. पण त्या कमाईवर रोजची चूल चालायची. आजची जादा कमाई वीस वर्षांच्या कर्जाला बांधली जाते आणि माझी काळजी तिथे आहे.

माझं म्हणणं एवढंच, की दुसऱ्या नोकरीचा पैसा हप्त्यात धरू नये. तो डाउन पेमेंटसाठी साठवावा, नाहीतर मुद्दल फेडायला वापरावा. साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी ४० लाख घेतले, तर हप्ता साधारण ३४ हजार ७०० रुपये बसतो आणि पूर्ण मुदतीत व्याजच ४३ लाखांच्या वर जातं. हा हप्ता मुख्य पगारातून झेपत असेल आणि जोडकामाचे महिना १० हजार वेगळे मुद्दलात भरले, तर कर्ज बारा वर्षांच्या आत फिटतं. व्याजाचे जवळजवळ २० लाख वाचतात. व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतीआधी फेडीचा दंड लावता येत नाही, त्यामुळे हे पैसे केव्हाही भरता येतात. जोडकाम सुटलंच, तर कर्ज फिटायला वेळ लागेल, पण घर हातातून जाणार नाही.

आता उलट करा. तेच १० हजार मिळकतीत धरून ५१ लाखांचं कर्ज काढा. दुसरं काम बंद पडलं की दर महिन्याला १० हजारांचं भगदाड पडतं. हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला की खातं बुडीत कर्जाच्या वर्गात जातं. पुढे सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस येते. दुसरी नोकरी सहसा अशी असते की ती जाताना महिनाभर आधी कुणी सांगत नाही.

बँकाही या कमाईकडे संशयाने बघतात. माझ्या ओळखीतला एक अकाउंटंट संध्याकाळी तीन दुकानांचे हिशेब सांभाळतो. महिन्याला १८ हजार मिळायचे, सगळे रोख. कर्जाच्या टेबलावर त्याने ते अभिमानाने सांगितले. समोरच्या बाईंनी त्याचा फॉर्म १६ बाजूला ठेवून विचारलं, ‘‘दादा, हे कागदावर कुठंय?’’ कुठेच नव्हतं. बँकेला सहसा दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं लागतात आणि पैसे खात्यातून आलेले लागतात. त्यामुळे घर तीन वर्षांनी घ्यायचं असेल, तर जोडकामाची पावती आजपासून हवी. दोन ठिकाणी पगार असेल तर दोन्ही मालक आपापल्या हिशेबाने कर कापतात, प्रमाणित वजावटही दोघे धरतात, आणि वर्षअखेरीला फरकाची रक्कम एकदम अंगावर येते.

मुख्य नोकरीचा नियमही आधी बघावा. राज्य सरकारी कर्मचाऱ्याला १९७९ च्या वर्तणूक नियमांप्रमाणे परवानगीशिवाय दुसरी नोकरी किंवा धंदा करता येत नाही. खासगीत सगळं नेमणूकपत्रावर ठरतं. २०२२ साली विप्रोने प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठीही काम करणाऱ्या ३०० जणांना काढलं. त्याच वर्षी स्विगीने मात्र ठरावीक अटींवर जोडकामाला मुभा दिली. दुसऱ्या मालकानेही पीएफ भरला तर एकाच यूएएनवर दोन नावं दिसतात, तेव्हा लपवालपवी फार दिवस टिकत नाही. विचारून, लेखी परवानगी घेऊन केलेलं काम बरं.

म्हाडाच्या सोडतीची आशा धरून असलेल्यांनी आणखी एक हिशेब करावा. २०२२ साली ठरलेल्या मर्यादेप्रमाणे मुंबई महानगर प्रदेशात अत्यल्प गटासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ६ लाखांपर्यंत आणि अल्प गटासाठी ९ लाखांपर्यंत लागतं. साडेआठ लाख कमावणाऱ्या नवरा-बायकोंनी महिना ८ हजारांचं जोडकाम धरलं, की ते साडेनऊच्या आसपास जातात आणि अल्प गटातून बाहेर पडतात. मध्यम गटातली घरं महाग. ९६ हजार मिळवण्याच्या नादात स्वस्त घराचा अर्जच हातातून जातो. सोडत हेच लक्ष्य असेल, तर तोवर दुसरी नोकरी न केलेली बरी, असं मला वाटतं.

राहिला वेळ. परवडणारं घर म्हणजे बदलापूर, विरार, पनवेलच्या पुढे. तिथून फोर्टला जाऊन यायचं तर रोजचे चार तास लोकलमध्ये. जोडकामाला तासच उरत नाहीत, ते झोपेतून काढले जातात. बाईच्या बाबतीत तर झोपेलाही आधीच कात्री लागलेली असते. ऑफिस, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास आणि त्यावर रात्री साडेआठच्या शिकवण्या. त्या शिकवण्यांचे पैसे डाउन पेमेंटमध्ये जातात, पण करारनाम्यात नाव फक्त नवऱ्याचं, असं फार घरांत दिसतं. बँक तिची सही सहकर्जदार म्हणून घेते. त्या सहीने हप्त्याची जबाबदारी येते, मालकी येत नाही. मालकीसाठी नोंदणीकृत करारनाम्यात खरेदीदार म्हणून नाव लागतं. खरेदी फक्त तिच्या नावावर केली तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूटही आहे, ५० लाखांवर ५० हजार. हे टोकन देण्याआधी ठरवावं. दस्त झाल्यावर नाव चढवायचं तर नवा दस्त करून पुन्हा नोंदवावा लागतो.