चाक अडकले की गाडी का घसरते?

ओल्या रस्त्यावर सायकलचा मागचा ब्रेक करकचून दाबून पाहा. चाक थांबते, सायकल मात्र घसरत पुढे जाते! फिरणाऱ्या चाकाचा रस्त्याला टेकलेला बिंदू क्षणभर स्थिर असतो. तेथे स्थितिक घर्षण मिळते. चाक अडकले की ते खरडत जाते आणि उरते फक्त गतिक घर्षण, म्हणजे कमी पकड. शिवाय मोटारीची पुढची चाके अडकली, तर स्टिअरिंग फिरवूनही ती वळत नाही. खरा धोका हाच.

इंग्लंडमधील वेस्ट ब्रॉमविचच्या जेन्सन कंपनीने १९६६ साली ‘एफएफ’ ही मोटार आणली. चारही चाकांना इंजिनाची शक्ती देणाऱ्या या गाडीत डनलॉपची, मूळ विमानांसाठी बनलेली ‘मॅक्सारेट’ यंत्रणा होती. तिच्यात इलेक्ट्रॉनिक्स नव्हते, होते ते जडत्व! गाडीची चाके एकाएकी मंदावली तरी यंत्रणेतले जड चक्र पूर्वीच्याच वेगाने फिरू पाहते. या फरकामुळे झडप उघडते, ब्रेकवरील दाब घटतो आणि चाके पुन्हा फिरू लागतात. लगेच दाब परत वाढतो. असे भराभर चालू राहते.

गाडी अतिशय महाग होती. त्यातून स्टिअरिंग फक्त उजवीकडे, त्यामुळे अमेरिकेची बाजारपेठ तिला मिळाली नाही. १९७१ पर्यंत अवघ्या ३२० गाड्या तयार झाल्या.