मासळीतला पारा आणि सोन्याचे कण

मिनामाताची गोष्ट आपल्याला ठाऊक आहेच. जपानमधल्या त्या गावी कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा माशांत साठला, मासे माणसांनी खाल्ले. १९५६ साली आजार उघडकीला आला.

मासळीतला पारा ओळखायचा कसा? त्यासाठी सोन्याचे अतिसूक्ष्म कण घेतात, साधारण १३ नॅनोमीटरचे. सुटे असले की द्रावण लाल दिसतं. त्यांच्यावर थायमिन असलेले डीएनएचे धागे बसवायचे. पाऱ्याचा आयन दोन थायमिनना जोडतो, कण जवळ येतात, रंग जांभळट निळा होतो. नुसत्या डोळ्यांनी दिसतं, बरं का!

पण माशातला बहुतेक पारा मिथाइल पारा असतो, प्रथिनांतल्या गंधकाला घट्ट चिकटलेला. तीव्र आम्लात तापवून तो आधी सुटा केला नाही, तर रंग लालच राहतो आणि विषारी मासा आपण निर्धोक समजून बसतो.