पूर्ववाऱ्याचे पाहुणे – ९ : पॅशलीचं दुकान

३ सप्टेंबर १९६५ च्या शुक्रवारची गोष्ट आज सांगायचं कबूल केलं होतं. ती एक आठवडा पुढे ढकलतो. कोल्हापूरच्या एका निवृत्त वकीलसाहेबांचं पत्र आलंय आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय १९६५ मध्ये शिरणं बरोबर होणार नाही. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : सैबेरियाचा पक्षी नॉरफोकच्या किनाऱ्यावर मारला गेला, हे तुम्ही बेधडक लिहून मोकळे होता. पण मारणारा गावचा बंदूकवाला, घेणारा पैसेवाला हौशी आणि मधे दुकानदार. पक्षी दुर्मीळ ठरण्यात तिघांचाही फायदा. अशा साक्षीदारांच्या जबानीवर कुठलं कोर्ट विश्वास ठेवील?

नेमका प्रश्न आहे. जुन्या नोंदींच्या नादी लागलेल्या प्रत्येकाला तो कधी ना कधी छळतो. मलाही त्याने पुष्कळ छळलंय. पालासच्या पर्णवटवट्याची नोंद पुढे ठेवून तो सोडवू, कारण या लेखमालेतली माझी सगळ्यात लाडकी नोंद तीच आहे.

३१ ऑक्टोबर १८९६. इंग्लंडात नॉरफोकच्या क्लाय गावापाशी समुद्राचं पाणी अडवायला घातलेला मातीचा बांध आहे. त्यावरच्या उंच गवतात टेड रॅम या स्थानिक शिकाऱ्याने एक चिमुकला पक्षी टिपला. लांबी जेमतेम साडेनऊ सेंटिमीटर, वजन सहा ग्रॅमच्या आसपास. अंग हिरवट, डोक्यावर मधोमध पिवळी रेघ, दोन्ही भुवया पिवळ्या, पंखांवर दोन-दोन पट्टे आणि कमरेवर लिंबासारखा पिवळा चौकोन. हा पक्षी घरटं करतो अल्ताईपासून ओखोत्स्क समुद्रापर्यंतच्या जंगलांत आणि हिवाळा काढतो दक्षिण चीन आणि त्याच्या खालच्या मुलखात. म्हणजे त्याने जायचं आग्नेयेला आणि तो निघाला पश्चिमेला, पाच हजार किलोमीटरच्या वर. उलट्या दिशेचं गणित चौथ्या भागात झालंच आहे. ब्रिटनमधली ही या जातीची पहिली नोंद. दुसरी मिळायला १९५१ साल उजाडावं लागलं आणि तीही नॉरफोकात नाही, वर नॉर्थम्बरलंडच्या किनाऱ्यावर. मधे पंचावन्न वर्षं गेली. वकीलसाहेबांच्या शंकेला खरी धार येते ती इथे.

आधी फायद्याचं बोलू, कारण तो मुद्दा त्यांनी अगदी बरोबर धरलाय. त्या काळच्या इंग्लंडात पक्षी जमवणाऱ्या श्रीमंतांना पक्षी नुसता दुर्मीळ असून भागत नसे. तो ब्रिटनच्या भूमीवर मारलेला हवा. तीच जात, तसाच नमुना, पण जर्मनीत किंवा रशियात मिळालेला असेल, तर किंमत किरकोळ. ब्रिटिश म्हणून सिद्ध झाला की त्याच्या कैकपट. सगळी कीड या एका अटीतून लागली. कायद्याचीही यात नकळत मदत होती. १८८० च्या वन्यपक्षी संरक्षण कायद्याने बंदीचा काळ ठरवला तो १ मार्च ते १ ऑगस्ट, म्हणजे विणीचा. शरदातले पाहुणे त्या बंदीत येतच नव्हते. त्यामुळे ऑगस्ट सरता सरता लंडनचे डॉक्टर, वकील, व्यापारी क्लायला येऊन मुक्काम ठोकत आणि ब्लेकनी पॉइंटच्या दगडगोट्यांच्या लांबलचक दांड्यावर सुएडाची झुडपं एकेक करून झोडपत चालत. आपल्या खाजणांच्या कडेला जी सुएडा दिसते तिच्याच गोतातली ही झुडपं. रात्रभर समुद्र ओलांडून आलेल्या पक्ष्याला उतरल्यावर अंग लपवायला तेवढाच आडोसा असतो. १८८४ च्या सप्टेंबरात पॉवर नावाच्या दोन भावांना याच पट्ट्यात निळकंठ्या सापडल्या. त्यानंतर तर निळकंठी हे क्लायच्या प्रत्येक बंदूकवाल्याचं स्वप्न होऊन बसलं. हीच निळकंठी हिवाळ्यात उजनीच्या काठावर, उसाच्या कडेला, पाणवनस्पतींच्या बुडाशी आपल्याकडे शेपटी उडवत फिरते, तेव्हा तिच्यासाठी कोणी लंडनहून आगगाडीने येत असेल हे मनातही येत नाही.

रॅमसारखी गावची माणसं या पाहुण्यांना वाट दाखवत, स्वतःही पक्षी मारत आणि विकत. छोट्या पक्ष्यासाठी बंदुकीत अगदी बारीक, भुकटीसारखे छर्रे भरत. जाड छर्रा लागला तर हातात पिसांचा चोथाच यायचा. आणि हातात आलेलं सगळं जायचं ते हेन्री नॅश पॅशलीकडे.

पॅशली जन्मला १८४३ साली. क्लायमध्ये त्याचं दुकान होतं. पक्ष्यांची कातडी काढून, आत तार आणि काथ्या भरून, काचेचे डोळे बसवून पक्षी जिवंत दिसेल असा मांडायचा, हा त्याचा धंदा. वर्षानुवर्षं किनाऱ्यावरचा जवळजवळ प्रत्येक पक्षी त्याच्या टेबलावरून गेला आणि कोणता पक्षी कधी आला ते त्याने लिहून ठेवलं. त्याच्या टिपणांचं छोटंसं पुस्तक १९२५ साली, तो गेला त्याच वर्षी, छापून निघालं. क्लायच्या पक्ष्यांवर काम करणारा प्रत्येक जण आजही त्या पुस्तकापासूनच सुरुवात करतो.

आता पुराव्याकडे. त्या काळच्या नोंदींत एक ठरलेली गोष्ट पुन्हा पुन्हा लिहिलेली आढळते : पक्षी मांसासकट पाहिला. कातडी काढण्याआधी, म्हणजे मेलेला पण अजून अखंड असलेला पक्षी दुसऱ्या जाणकाराने हातात घेऊन तपासला. वकीलसाहेबांच्या भाषेत सांगायचं तर हा पंचनामा. ताज्या पक्ष्याच्या डोळ्यांची चमक पूर्ण गेलेली नसते, पायांची कातडी मऊ असते, चोचीचा आणि पायांचा रंग जागेवर असतो. दोन दिवसांत डोळे खोल जातात, पाय वाळून काळपटतात, पोटाकडची कातडी हिरवट पडायला लागते आणि पिसं सुटतात. एखाद्याने चीनमधून वाळलेली कातडी मागवली, ती भिजवून मऊ केली आणि तिच्यात भरण केलं, तर काचेच्या पेटीत तो पक्षी कदाचित खपून जाईल. पण कातडी पुन्हा ओली करता आली तरी आतलं मांस परत आणता येत नाही. म्हणून कातडी निघण्याआधीची ती एक नजर लाखमोलाची. आणि दुकानदाराने ती संधी दुसऱ्याला दिली का, यावर त्याची पारख करावी असं माझं ठाम मत आहे. रॅमचा पक्षी क्लायच्या चार भिंतींत दडपला गेला नाही. नॉरफोकच्या पक्ष्यांचा स्टीव्हन्सनने अर्धवट सोडलेला ग्रंथ ज्याने १८९० मध्ये तिसरा खंड काढून पुरा केला, त्या टॉमस साउथवेलपर्यंत ही बातमी लगेच गेली. युरोपच्या पक्ष्यांवर अनेक खंड लिहिणाऱ्या हेन्री ड्रेसरने या जातीवर नॉरफोकच्याच निसर्गअभ्यासकांच्या अंकात सविस्तर लेख लिहिला. रॅमच्या पक्ष्याच्या आदल्या वर्षी, १८९५ मध्ये, हेलिगोलँड बेटावर आयुष्य घालवलेल्या गेटकेच्या जर्मन ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर निघालं होतं. पूर्वेकडचे हे हिरवे चिमणे जीव शरदात उत्तर समुद्राच्या पलीकडच्या काठावर उतरतात, हे त्यामुळे इंग्लंडात वाचलं जाऊ लागलं होतं. पलीकडच्या काठावर पोचलेला एखादा जीव अलीकडे येणं अशक्य नव्हतं.

पण पंचनामाही बनवता येतो, असं वकीलसाहेब म्हणणार. खरं आहे. तसं झालंही. नॉरफोकात नाही, ससेक्समध्ये.

हेस्टिंग्जजवळच्या सेंट लेनर्ड्सला जॉर्ज ब्रिस्टो नावाचा असाच एक पक्षी भरणारा कारागीर होता. १८९२ पासून १९३० पर्यंत त्या छोट्याशा टापूतून असे काही पक्षी बाहेर पडत राहिले की अख्खं ब्रिटन चकित व्हावं. भूमध्य समुद्राचे, मध्य आशियाचे, कधी कोणी न पाहिलेले. त्यातले कित्येक जाणकारांनी मांसासकट पाहिलेलेही होते. १९१६ च्या सुमारास पक्षीतज्ज्ञ हॅरी विदर्बीला संशय आला आणि त्याने ब्रिस्टोला तोंडावर विचारलं. त्यानंतर ओघ बराच आटला, पण नोंदी पुस्तकांत तशाच राहिल्या. पक्षी बर्फात घालून जहाजांतून आणले जात असावेत, असा संशय पुढे व्यक्त झाला. हे कोणी पकडलं? पक्ष्यांच्या हौशीने पकडलं आणि आकडेवारीने सिद्ध केलं. ऑगस्ट १९६२ च्या ‘ब्रिटिश बर्ड्‌स’ मासिकात निकोल्सन आणि फर्ग्युसन-लीज यांचा लेख आला आणि सोबत जॉन नेल्डरचा. नेल्डर वेल्सबर्नच्या भाजीपाला संशोधन केंद्रात संख्याशास्त्रज्ञ होता. जगभर शिकवली जाणारी सांख्यिकीची एक मोठी पद्धत पुढे त्याच्याच नावावर लागली.

नेल्डरने पक्ष्यांना हातही लावला नाही. त्याने काळाचे दोन तुकडे घेतले, १८९५ ते १९२४ आणि १९२५ ते १९५४. हेस्टिंग्जचा टापू एका बाजूला, उरलेलं ससेक्स आणि शेजारचं केंट दुसऱ्या बाजूला. मग मोजायला बसला. बाकी सगळीकडे दुसऱ्या काळात दुर्मीळ पक्षी वाढलेले, आणि ते साहजिकच, कारण दुर्बीण घेऊन फिरणारी माणसं वाढली होती. हेस्टिंग्जला मात्र उलटं : आधी प्रचंड पीक आणि मग एकदम शेजाऱ्यांसारखी साधी स्थिती. पक्ष्यांनी एका दुकानाच्या आसपासच तीस वर्षं मरायचं आणि मग थांबायचं, याला निसर्गात कारण सापडत नाही. शेकडो नोंदी रद्द झाल्या आणि २९ जाती-उपजाती ब्रिटिश यादीतून गेल्या. डॉ. जेम्स हॅरिसनने १९६८ मध्ये ब्रिस्टोची बाजू मांडणारं अख्खं पुस्तक लिहिलं. त्याने तळमळीने लिहिलंय, पण आकड्यांना त्यात उत्तर नाही. गंमत अशी की काढलेल्या त्या पक्ष्यांपैकी बहुतेक नंतर खरोखरच ब्रिटनमध्ये आले, जिवंत, अनेकांच्या डोळ्यांदेखत. म्हणजे खोटं जातीत नव्हतं, त्या विशिष्ट नमुन्यांत होतं. हा फरक मनात पक्का ठेवावा लागतो.

आता हीच कसोटी क्लायला लावू. पॅशली गेल्यावर क्लाय आटलं का? १९२६ मध्ये डॉ. सिडनी लाँगच्या पुढाकाराने क्लायची दलदल कायमची राखीव करण्यासाठी विकत घेतली गेली आणि त्यातून ब्रिटनमधला पहिला परगणा-पातळीवरचा निसर्ग न्यास उभा राहिला. ब्लेकनी पॉइंट तर १९१२ मध्येच नॅशनल ट्रस्टकडे गेला होता. हळूहळू बंदुका गेल्या, दुर्बिणी आल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर रिचर्ड रिचर्डसन हा चित्रकार क्लायला राहिला आणि त्याच बांधांवर उभा राहून पोराटोरांना पक्षी ओळखायला शिकवू लागला. या माणसांना विकायचं काही नव्हतं. तरी पक्षी येतच राहिले : त्याच महिन्यांत, त्याच झुडपांत, तोच पूर्वेचा वारा सुटला की. पॅशलीच्या वहीत शरदातले म्हणून जे पक्षी आहेत, तेच दुर्बिणवाल्यांच्या वह्यांतही आहेत. दुकान बंद झालं आणि पुरवठा थांबला नाही. हेस्टिंग्जमध्ये नेमकं हेच घडलं नाही.

आणि पालासच्या पर्णवटवट्याची ती पंचावन्न वर्षांची पोकळी? १९५१ नंतर तो अधूनमधून दिसू लागला, मग दर शरदात, आणि १९८२ च्या एका शरदात तर ब्रिटनमध्ये शंभराच्या वर. १९५९ पासून दुर्मीळ नोंदींची छाननी करणाऱ्या समितीने १९९० नंतर त्याला आपल्या यादीतून वगळलं, इतका तो सवयीचा झाला. तारखा पाहा : ऑक्टोबरचा मध्य ते नोव्हेंबरची सुरुवात. रॅमची तारीख ३१ ऑक्टोबर. गेटके वाचून शरद ऋतू ताडता आला असता, पण या पक्ष्याने ब्रिटनला नेमकं कधी पोचावं हे १८९६ मध्ये कोणालाच ठाऊक नव्हतं. खोटं रचणाऱ्याने महिना कसा ओळखला असता? मला निर्णायक वाटतो तो मुद्दा हाच. पक्षी मे महिन्यात ‘मिळाला’ असता, तर मी आज त्याची वकिली केली नसती.

वकीलसाहेबांनी पत्राच्या शेवटी एक वाक्य लिहिलंय, की सहा ग्रॅमचा जीव पाच हजार किलोमीटर आला आणि त्याला गोळी घातली, हे वाचून झोप लागली नाही. मलाही त्या बंदुकांचा राग येतो. नॉरिच कॅसलच्या संग्रहालयातल्या जुन्या काचपेट्यांसमोर उभं राहिलं की तो प्रत्येक वेळी येतो. पण रॅमने तो पक्षी नुसता पाहून सोडून दिला असता, तर त्याच्या शब्दावर १८९६ मध्ये कोणी विश्वास ठेवला नसता आणि आज आपणही ठेवला नसता. हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे आणि त्यातलं एक निवडून दुसरं सोडणं मला कधीच जमलेलं नाही.

ब्रिस्टोबद्दल आणखी कोणाला वाचायचं असेल तर कळवा, त्याच्यावर एक स्वतंत्र भाग होईल. पुढच्या शुक्रवारी मात्र १९६५ नक्की. नकाशात नॉरफोकच्या खाली सफोकचा किनारा आधी शोधून ठेवा : लोस्टॉफ्ट, वॉल्बर्सविक, मिन्समिअर. सगळं या तीन नावांभोवती घडणार आहे.