नाताळाचे झाड आणि गुलमोहर

गेल्या मे महिन्यात आम्ही हैदराबादेस मलकपेठेत एका मराठी कुटुंबाकडे उतरलो होतो. अंगणात एका बाजूस लालभडक फुललेला गुलमोहर होता, तर दुसऱ्या बाजूस आपण ‘नाताळाचे झाड’ म्हणतो तो अरोकेरिया. यजमानांच्या मनात मात्र एक खंत होती. तीन वर्षांपूर्वी नाताळात दिवाणखाना सजविण्यासाठी त्यांनी अरोकेरियाचा शेंडा छाटला होता. पुढे विजेच्या तारांस लागणाऱ्या गुलमोहराच्या फांद्याही तोडल्या. गुलमोहर पुन्हा छत्रीसारखा पसरला. अरोकेरियास मात्र दोन शेंडे फुटून त्याचा डौल गेला तो गेलाच. असे का व्हावे?

वाचकहो, ही दोन्ही झाडे बेटांवरून आलेली. गुलमोहर मूळचा मादागास्करच्या कोरड्या रानांतला. म्हणून दख्खनचे ऊन त्यास परके वाटत नाही. पाण्याचा तुटवडा पडताच तो पाने झाडून मोकळा होतो. आपल्याकडील अरोकेरियाच्या जाती पॅसिफिक महासागरातील नॉरफोक व न्यू कॅलेडोनिया या बेटांवरच्या. कॅप्टन कुक याने १७७४ साली ही उंच झाडे तेथे पाहिली. समुद्रकाठच्या सौम्य हवेतले हे झाड बाराही महिने हिरवे राहते. म्हणून लहानपणी त्यास आपल्या उन्हाळ्यात पाणी द्यावेच लागते.

गुलमोहरास फुले येतात व बिया लांब, कठीण शेंगांत सुरक्षित राहतात. अरोकेरियास फुले नाहीतच. त्याच्या बिया शंकूच्या खवल्यांवर धरतात.

पण खरा भेद वाढीत आहे. गुलमोहराची कोणतीही फांदी वर वळून पुढारी होऊ शकते. अरोकेरियात सरळ वर जाणे हे शेंड्याचेच काम. बाजूची फांदी तोडून रुजविली, तरी ती जन्मभर आडवीच वाढते. शेंडा छाटल्यावर खोडातून नवे कोंब येतात खरे, परंतु मजल्यामजल्यांची ती रेखीव बांधणी पुन्हा साधत नाही.

गुलमोहरातही दोष आहेत. त्याचे लाकूड ठिसूळ, मुळे उथळ. वादळात फांद्या मोडतात. तो घराच्या भिंतीपासून दूरच लावावा. अरोकेरिया मात्र कुंडीत वाढवून नाताळापुरता घरात आणावा, किंवा अंगणातच सजवावा.

यजमानांनी दोन शेंड्यांपैकी एक सरळ तेवढा राखला आहे. यंदा चांदणी अंगणातच लागणार आहे.